स्टॉप कोणाचाही

तेरवीच्या दिवशी सकाळी नऊलाच रुआबांध्याच्या लांजेवारांच्या घरात सत्तावीस माणसं जमली होती, आणि एक उर्वी सोडली तर सगळीच्या सगळी बोलत होती. गोंदियाची मंडळी आचाऱ्याला शिकवत होती, आचारी भाचरांना हाकलत होता, भाचरं एकमेकांवर ओरडत होती. अंगणात मांडवाच्या खांबाला स्पीकर बांधून भजन लावलं होतं. ते थोरल्या विष्णूचं काम. बापाच्या मातीला तो नागपूरहून वेळेवर पोचला नव्हता. निदान तेरवी तरी दणक्यात व्हावी, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. त्याचं मन कोणी मोडलं नाही, पण भिंतीवरच्या शालिकरामच्या फोटोचा हार मात्र आवाजाने हलत होता.

नऊ वर्षांची उर्वी मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांआड कानांवर हात ठेवून बसली होती. समोर तिची आई नीतू, हातात दुधाचा गिलास. ते दूध तासाभरात तीनदा गरम झालं होतं आणि तीनदा गार.

तेरा दिवस हे असंच चाललं होतं. उर्वीला बोलण्याशी कधीच फारसं देणंघेणं नव्हतं. तिच्याकडे तीन शब्द होते, पाणी, नाई आणि आबाजी, आणि आजोबा गेले तसे तिने तेही तिन्ही शब्द गुंडाळून ठेवले होते. चौथ्या दिवशी ती विष्णूच्या मुलीच्या, टीनाच्या दंडाला कडकडून चावली. रोज दुपारी चारला ती गच्चीवर जाऊन कठड्याशी उभी राहायची आणि हवेत हात फिरवायची. खाली आणायला दोघं जण लागत. ती किंचाळायची, आणि उचलून आणताना सुद्धा तिचे हात काही तरी करतच असायचे.

"हात खाली, माय," नीतू म्हणायची. नऊ वर्षांत हे तिने किती वेळा म्हटलं असेल, त्याला गणती नव्हती.

दुपारी एकला शाळेची व्हॅन उर्वीला दारात सोडायची आणि साडेपाचला नीतू जुनवानीच्या दाताच्या दवाखान्यातून परत यायची. चार वर्षांपासून मधले साडेचार तास तिच्या मामाजींचे, म्हणजे सासऱ्यांचे. चौतीस वर्षं पोलाद कारखान्याच्या मिलमधली क्रेन चालवून रिटायर झालेला तो माणूस घरात जेमतेम दहा वाक्यं बोलायचा, पण नात त्याच्याजवळ पाण्यासारखी शांत असायची. नीतू परत आली की दोघं गच्चीच्या जिन्याच्या पायथ्याशी पोटाशी हात गुंफून उभे असत. "आमची ड्यूटी सुटली," सासरे म्हणत. एकदा तिथेच उभे असताना ते तिला म्हणाले होते, "बाई, तिले कमी नका समजू. तिले सिग्नल येते. तुमाले येत नाई."

नीतूला वाटलं, मामाजी मोबाइलवरून गंमत करत आहेत. त्या कोपऱ्यात मोबाइलला खरंच सिग्नल यायचा नाही. ती हसली होती आणि पोळ्या टाकायला गेली होती. पुढे विचारू कधी तरी, म्हणून राहिलं ते राहिलंच. एका पहाटे शालिकराम चहाचा कप हातात घेऊन खुर्चीत बसले आणि बसलेलेच राहिले.

अकराला पूजा आटोपली, पोरासोरांची पंगत उठली, आणि विष्णूने सगळ्यांना मधल्या खोलीत बोलावलं.

नीतूला विषय माहीत होता. नागपूरला विष्णूच्या घराजवळ अशा मुलांची एक निवासी शाळा होती. तिथे एक जागा रिकामी झाली होती. आज पाचपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. रात्रभर तिने उत्तरं जुळवली होती आणि सकाळी त्यातलं एकही सापडत नव्हतं.

"मी काई तिचा दुश्मन आहो का?" विष्णूने सुरुवातच तिथून केली. "शाळा मी तीनदा जाऊन पाहून आलो. माणसं चांगली आहेत. महिन्यातून दोनदा मी तिले घरी आणीन. गीता तिचं सगळं करीन."

त्याची बायको गीता भिंतीला टेकून हातपंखा हलवत होती. पंखा थांबला नाही, पण तिने होकाराला मानही हलवली नाही.

"विष्णू बरोबर बोलून राहिला," शकुआत्या म्हणाली. शालिकरामची ही धाकटी बहीण गोंदियाहून आली होती आणि आल्यापासून घराची सूत्रं तिच्याच हातात होती. "दादा होता तवा गोष्ट अलग होती. आता दुपारी कोण पाहीन? वहिनीचे गुडघे पाहा. उठून उभी राहीपर्यंत पोट्टी सडकेवर पोचते."

वहिनी म्हणजे मथुरा, शालिकरामची बायको. ती पदराचा एक धागा बोटाला गुंडाळत होती आणि उलगडत होती. तेरा दिवसांत तिने 'हो' आणि 'राहू दे' यापलीकडे काही म्हटलं नव्हतं.

"मी नोकरी सोडीन," नीतू म्हणाली.

"सोडून किती दिवस बसशीन?" आत्या म्हणाली. "एकटीनं दिवसरात्र तिच्यामागं? वर्षभरात तूच आजारी पडशीन, बाई. मी वाईट नाई बोलून राहिली. पाह्यलं आहे म्हणून बोलतो."

यात खोटं काही नव्हतं, हीच अडचण होती. आत्या दुष्ट असती तर नीतूला भांडता आलं असतं. तिने कमलेशकडे पाहिलं. कमलेश दुर्ग स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होता. ड्यूटी कधी सकाळची, कधी रात्रीची. माणूस सरळ, पण दोन माणसं दोन बाजूंनी बोलली की जमिनीकडे पाहणारा.

"नीतू, एक वर्ष..." त्याने जमिनीकडे पाहतच म्हटलं, "एक वर्ष पाहून घेऊ का?"

कमलेशचं 'पाहून घेऊ' नीतूला बारा वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं. मागच्या खोलीचा पंखा सहा वर्षांपूर्वी त्याने 'पाहून घेऊ' म्हणून ठेवला होता; तो अजून तसाच होता.  आपण एकट्या पडलो, हे तिला इतकं स्वच्छ कळलं की रडूसुद्धा आलं नाही.

"एक वर्ष म्हणजे ती मले विसरीन," ती म्हणाली. "फोनवर बोलता येत नाई तिले. मी तिच्यासाठी एक वर्ष मेलेलीच राहीन."

"असं अभद्र कावून बोलून राहिली?" विष्णूचा आवाज चढला. "आज तेरवी आहे बाबूजीची!"

"मंग आजच कावून काढला विषय?"

"कारण जागा आजच्यापुरती आहे!"

आता सगळेच बोलू लागले. आत्या विष्णूला शांत हो म्हणत त्याच्याहून मोठ्याने ओरडत होती, टीना हिंदीतून "पापा, प्लीज" करत होती, बाहेर भजनाने वरची पट्टी गाठली होती. आणि दारात उर्वी उभी होती.

दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरलेले. तळवे जमिनीकडे. तोंड घट्ट मिटलेलं, चेहरा लालबुंद.

"पाहा, सुरू झालं," आत्या म्हणाली.

"उर्वी बेटा, हात खाली," विष्णू म्हणाला.

"हाथ नीचे, उर्वी," टीना दंडावरची पट्टी सांभाळत म्हणाली.

"ये, इकडे ये," कमलेश.

"हात खाली, माय," नीतूच्याही तोंडून गेलं. चौघांचे हात तिच्याकडे पुढे झाले, कोणी बोलावणारे, कोणी धरणारे. उर्वी एक पाऊल मागे सरली, मग दुसरं, आणि हात तसेच पसरलेले ठेवून उलट्या पावलांनी थेट अंगणात, पंगतीच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

अंगणात त्या वेळी मिलवाल्यांची पंगत बसली होती. कारखान्याच्या वसाहतीतून, कोपऱ्याकोपऱ्यावरून आलेली आठ-नऊ म्हातारी माणसं, सगळी शालिकरामच्या शिफ्टची. नीतू पोरीमागे धावत बाहेर आली आणि उंबऱ्यावरच थबकली. पंगत थिजली होती. कोणाचा वडा कढीत बुडवलेला तसाच, कोणाचा घास ओठाशी. पंगतीच्या टोकाला केवलराम नावाचे उंच, काटकुळे गृहस्थ होते. त्यांच्या पत्रावळीवर वाढपी आलू-वांग्याची भाजी ओतत राहिला, कारण त्याला 'पुरे' म्हणणारा हात हवेतच थांबला होता.

"कोणी हलू नका," केवलराम म्हणाले. "पोरीनं स्टॉप देल्लाय."

विष्णू नीतूच्या मागून पुढे आला. "काका, जेवा तुमी. तिची सवय आहे ती. असेच हात करते."

"सवय?" केवलरामांनी मान न वळवता विचारलं. "बाबू, हा इमर्जन्सी स्टॉप आहे. दोन्ही हात आडवे, तळवे खाली. एकदा मी मालाखाली अडकलो होतो, तवा रुक्मानं असाच हात देल्ला आणि तुझ्या बापानं वर केबिनमधून क्रेन जागीच रोखली. नाईतर माझी तेरवी तुमी कवाच जेवले असते."

पलीकडे बसलेल्या बाईने मान हलवली. ती रुक्मा. त्याच मिलमधून खलाशी म्हणून रिटायर झालेली. जमिनीवर उभं राहून क्रेनच्या हुकाला माल अडकवणं आणि वरच्याला हाताने खुणा करणं, हे तिचं काम होतं.

केवलराम सावकाश उठले. कढीचा हात धोतराला पुसला आणि दोन्ही हात पोटाशी गुंफून उभे राहिले. हे तर मामाजींचं 'ड्यूटी सुटली', नीतूला वाटलं. पण केवलरामांनी हलक्या आवाजात सांगितलं, "याचा अर्थ, सगळं थांबवलं. आता सांग."

उर्वीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिचे पसरलेले हात खाली आले, आणि उजव्या हाताचं एक बोट जमिनीकडे रोखून ती लहान लहान गोल फिरवू लागली.

"डाउन!" तीन म्हातारे एकदम म्हणाले.

"खाली घे म्हणते," रुक्मा म्हणाली. "काय खाली घ्याचं?"

"काय खाली घेऊ, बेटा?" केवलरामांनी मोठ्याने विचारलं.

"तोंडानं कावून विचारून राहिले जी? मिलमदी विचारत होते का तोंडानं?" रुक्माने त्यांना गप्प केलं. तिने पाण्याच्या ड्रमकडे बोट दाखवलं. उर्वी तशीच. मांडवाच्या कापडाकडे दाखवलं. काही नाही. मग काय खाली घ्यायचं ते कोणाला सुचेना, आणि उर्वीचं बोट भराभर फिरू लागलं. आता ती किंचाळणार, हे नीतूला तिच्या मानेवरून कळलं.

"टीव्ही," कोणी तरी म्हणालं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मथुरा दाराची चौकट धरून उभी होती. "हे टीव्हीचा आवाज कमी कराले असंच बोट फिरवत," ती म्हणाली. "मले वाटे, म्हातारा मले चिडवून राहिला. चार वर्षं मी त्यायच्यावर डाफरली."

विष्णू काही बोलायच्या आत गीताने हातपंखा खाली ठेवला, अंगणात उतरली आणि स्पीकरची पिन खेचून काढली. नवऱ्याला विचारलं नाही. त्याच्याकडे पाहिलंही नाही.

आवाज गेला. तेरा दिवसांत पहिल्यांदा त्या घरात चिमणी ऐकू आली. उर्वीने बोट थांबवलं, दोन्ही हात पोटाशी गुंफले, क्षणभर तशीच उभी राहिली, मग केवलरामांच्या शेजारी मोकळ्या जागी वाढलेल्या पत्रावळीपुढे मांडी घालून बसली आणि बुंदी खाऊ लागली.

नीतू पायरीवर बसली.  पोरगी हवेत हात फिरवते, म्हणून तिने नऊ वर्षांत तिचे हात धरले होते, बांगड्यांत अडकवले होते, गोड बोलून खाली घेतले होते. आणि त्यातली शेवटची चार वर्षं पोरगी बोलत होती. सिग्नल येते म्हणजे हे.

"मामाजीनं सांगितलं होतं मले," ती कोणाला तरी म्हणाली. "मीच हसली."

"आमाले बी कुठं माहीत होतं," रुक्मा तिच्याजवळ येऊन बसली. "चौकात येऊन बसत, पण म्हाताऱ्याच्या तोंडून घरचं कधी निघालं नाई. हात हलवत सांगाची सवय, बोलाची नाई. मिलमदी एवढा आवाज, बाई, की तोंडाचा उपयोग जेवाले फक्त."

"एक गोष्ट सांगा," कमलेश पहिल्यांदाच पुढे येऊन म्हणाला. "या तेरा दिवसांत ती कोणाचंच ऐकत नाई. बाबूजीजवळ तं..."

"किती जण सांगून राहिले तिले?" केवलरामांनी विचारलं.

कमलेशने घराकडे पाहिलं. खिडकीत, दारात, ओट्यावर माणसंच माणसं होती.

"हे पाहा," केवलराम म्हणाले, "क्रेनवाला सिग्नल एकाच माणसाचा घेते. खाली दहा जण हात हलवाले लागले तं तो काय करीन? माल पाडीन, नाई तं बंद करून बसन. ही बंद करून बसली. शहाणी आहे. बाकी सगळे सिग्नल एकाचे. फक्त स्टॉप कोणाचाही. झाडूवाल्यानं देल्ला, अनोळखी माणसानं देल्ला, तरी मानाचा. आधी थांबाचं, मंग विचाराचं."

"तं आता तिचा सिग्नलवाला कोण?" शकुआत्याने विचारलं. तिच्या आवाजातला सकाळचा कारभार उतरला होता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

 हळूहळू सगळ्यांच्या नजरा पायरीवर आल्या.

"मले येत नाई," नीतू म्हणाली.

"शालिकलेबी पह्यल्या दिवशी येत नव्हतं," रुक्मा म्हणाली. "पाच खुणा आहेत. वर, खाली, हळू, थांब, झालं. एवढ्यावर आमी बावीस टन उचलले. एक पोट्टी नाई उचलणार?"

विष्णू मात्र इतक्यात हार मानणारा नव्हता, आणि त्याचं चुकीचंही नव्हतं. "काका, आज तुमी आहा," तो म्हणाला. "उद्या दुपारी? परवा? हे रोजचं आहे. एक ते साडेपाच. कधी चावते, कधी सडकेवर पळते. खेळ नाई हा."

"खेळ कोण म्हणते?" केवलराम म्हणाले. "आमी काय करतो दुपारी? टाकीजवळच्या चौकात बसून एकमेकाचा बीपी विचारतो. तिथं बसाचं ते इथं ओट्यावर बसू. दोन-दोन जण. शिफ्ट लावून. तीसएक वर्षं तेच तं केलं."

"सोमवारी मी," रुक्मा म्हणाली.

"तुले चावली तं?" आत्याने विचारलं.

रुक्मा स्वतःच्या हातांकडे पाहत म्हणाली, "माझा भाऊ होता, धोंडबा. भंडाऱ्याकडं, गावाले. असाच. बोलत नव्हता, पळत होता. माय शेतात जाये तवा त्याले खांबाले बांधून जाये. दुसरं काई सुचतच नव्हतं आमाले. त्याच्या हाताकडं कोणी पाह्यलं नाई." ती उठली. "चावली तं चावन. मंगळवारी दुसऱ्यानं यावं."

मथुरा चौकटीवरून ओट्यावर आली. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, पण आली. "विष्णू," ती म्हणाली, "तुझ्या मनात वाईट नाई, मले माहीत आहे. पण त्यायनं चार वर्षं जे शिकवलं, ते नागपूरले कोणाले येते?"

 विष्णू चपला घालून घराच्या मागे निघून गेला. नीतू थोड्या वेळाने ताक घेऊन गेली, तेव्हा तो पाण्याच्या टाकीजवळ उभा राहून एक बोट जमिनीकडे रोखून गोल फिरवून पाहत होता. तिला पाहताच त्याने हात खिशात घातला.

"मी बी लहान होतो कधी," तो म्हणाला. "मले नाई शिकवलं त्यायनं."

"तुमाले बोलता येत होतं, भाऊजी."

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. त्याने ताक एका दमात संपवलं. 

दुपारभर रुक्माने नीतूला मागच्या खोलीत शिकवलं. कोपर कुठे, बोट कुठे. 'हळू' म्हणजे फिरणाऱ्या बोटावर दुसऱ्या हाताचा तळवा स्थिर धरायचा. नीतूचा हात सारखा खांद्यातून हलायचा आणि रुक्मा चापट मारायची. "पोळी लाटून राहिली का? मनगट फिरव."

चारला उर्वी नेहमीप्रमाणे गच्चीवर गेली.

सवा चारला सगळं घर जिन्याच्या पायथ्याशी गोळा झालं. नीतूने वर पाहिलं. लोखंडी जिन्याच्या वरच्या टोकाला उर्वी, कठड्याकडून वळलेली, हात लोंबते ठेवून वाट पाहत असलेली. रोज ती तिथे याच वेळी वाट पाहत असणार, हे नीतूला आत्ता कळलं. मामाजी द्यायचे तसा खालून सिग्नल येईल म्हणून.

तिने हात उचलला आणि बोट फिरवलं. उर्वी वळून पुन्हा कठड्याकडे गेली.

"वर देल्लं तू," रुक्मा पुटपुटली. "बोट खाली."

"उर्वी, ये ना बेटा!" शकुआत्याने सवयीने हात हलवला. टीनाही "आजा, आजा" करू लागली. केवलराम नुसते खाकरले. आत्याने जीभ चावली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. मग टीनाने, कमलेशने, गीताने. एकेक करत सगळ्या लांजेवारांचे हात पाठीमागे गेले. इतकी माणसं आणि एकच हात समोर, असं त्या घरात यापूर्वी कधी घडलं नसेल.

नीतूने बोट जमिनीकडे रोखलं आणि मनगटातून फिरवलं. त्यावर डावा तळवा धरला. हळू.

उर्वीने एक पायरी उतरून वाट पाहिली. नीतूचं बोट फिरत होतं. दुसरी पायरी. तिसरी. नीतू थांबली की पोरगी थांबे. बोट फिरलं की पाऊल उचले. 

सातव्या पायरीवर असताना विष्णूच्या खिशात फोन वाजला. मोठ्याने, फोनही त्याने स्पीकरसारखाच ठेवला होता. उर्वी जागीच थांबली. दोन्ही हात आडवे, तळवे खाली.

विष्णूने फोन काढला. शाळेचं नाव दिसत होतं. त्याने नावाकडे पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं. फोन आणखी दोनदा वाजला. मग त्याने तो बंद केला, नुसता कट नाही, पुरता बंद केला, खिशात ठेवला, आणि केवलरामांसारखेच दोन्ही हात पोटाशी गुंफून उभा राहिला.

उर्वीचे हात खाली आले.

"त्यायले मी संध्याकाळी सांगतो," तो हळूच म्हणाला, "जागा दुसऱ्याले द्या म्हणून." मथुराने त्याच्या पाठीवर हात ठेवला. नीतूला वळून पाहायचं होतं, पण सिग्नल देणाऱ्याने नजर हलवायची नसते, असं रुक्माने दुपारी बजावलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि बोट फिरत होतं. तेरा दिवसांपासून छातीवर ठेवलेलं काही तरी पायरी पायरीने उतरत होतं.

शेवटच्या पायरीवर उर्वी तिच्या अगदी समोर आली. पोरीला कवटाळावं असं नीतूला इतकं वाटलं की हात दुखले. तिने ते कवटाळायला नेले नाहीत. पोटाशी आणून गुंफले. झालं. ड्यूटी सुटली.

उर्वीने त्या हातांकडे निरखून पाहिलं. कपाळाला आठी पडली. मग तिने आईची बोटं एकेक करून सोडवली आणि पुन्हा गुंफली, डावा अंगठा खाली, उजवा वर, आबाजी ठेवत तसा.

नीतूने अंगठा तिथेच ठेवला.